कांदा, कर्करोग आणि विवेक

कांद्याने कर्करोग बरा होतो, चहाने गाठ विरघळते, अशा अर्थाच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. त्या सर्वस्वी खोट्या नसतात, हीच त्यांतील खरी अडचण होय. कांद्यातील क्वेरसेटिन, सोयाबीनमधील जेनिस्टीन, हिरव्या चहातील कॅटेचिने ही फ्लॅव्होनॉईड कुलातील द्रव्ये काचपात्रात वाढविलेल्या कर्कपेशींची वाढ रोखतात, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

पेशीचे विभाजन ठरावीक टप्प्यांनी होते. सायक्लिन नावाची प्रथिने व त्यांच्यावर अवलंबून असणारी कायनेज ही विकरे पेशीला एका टप्प्यातून दुसऱ्यात नेतात. या नियंत्रणाचा उलगडा करणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स या शास्त्रज्ञांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्कपेशीत हे नियंत्रण बिघडलेले असते. काही फ्लॅव्होनॉईड या विकरांनाच अडवितात. मग विभाजन थांबते आणि कित्येक पेशी आत्मनाशाच्या मार्गाला लागतात.

तथापि काचपात्र म्हणजे शरीर नव्हे. खाल्लेल्या क्वेरसेटिनचे आतडे व यकृत तत्काळ रूपांतर करून टाकतात. प्रयोगशाळेत जी मात्रा वापरली जाते, तिच्या जवळपासही ते आहारातून रक्तात पोचत नाही.

याबाबत फ्लॅव्होपिरिडॉलची कथा उद्बोधक आहे. सह्याद्रीतही आढळणाऱ्या एका वृक्षातील रोहितुकीन या द्रव्यावरून हे औषध मुंबईतील होक्स्ट कंपनीच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात सिद्ध केले. कायनेज रोखणारे आणि माणसांवर तपासले गेलेले ते पहिलेच औषध. परंतु प्रारंभीच्या चाचण्यांनी निराशा केली. प्रयोगशाळेतील पेशी वासराच्या रक्तद्रवात वाढविल्या होत्या; मानवी रक्तद्रवातील प्रथिनांना मात्र हे औषध कितीतरी अधिक चिकटून राही. मात्रा देण्याची पद्धत बदलल्यावर रक्ताच्या काही कर्करोगांत गुण दिसला, पण त्याबरोबर गंभीर दुष्परिणामही दिसले. नित्याच्या उपचारांत त्याला अद्याप स्थान नाही.

नैसर्गिक ते निरुपद्रवी, ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. हिरव्या चहातील मुख्य कॅटेचिन बोर्टेझोमिब या कर्करोगावरील औषधाला निष्प्रभ करते, असे २००९ मध्ये प्रयोगशाळेत व उंदरांवर आढळले. उपचार चालू असता डॉक्टरांना न विचारता अर्काच्या गोळ्या घेणारा रुग्ण म्हणूनच स्वतःचेच नुकसान करून घेऊ शकतो. त्याहून मोठे नुकसान होते ते अशा गोळ्यांच्या भरवशावर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणाऱ्याचे; तो जो काळ गमावतो, तो कोणत्याही वनस्पतीला परत आणता येत नाही.

भाजी, फळे, कांदा आहारात अवश्य असावीत. वनस्पतींवरील संशोधनाला सढळ हाताने साह्यही मिळावे. परंतु काचपात्रातील यश हे रुग्णाला दिलेले आश्वासन नव्हे, एवढे वृत्तपत्रांनी मथळा देताना आणि शिक्षकांनी वर्गात शिकविताना स्पष्ट सांगितले पाहिजे. आजाराने घाबरलेल्या घराला आशेइतकीच खऱ्या माहितीचीही गरज असते.