संपाची सूचना पालकांनाही हवी

शाळेच्या दाराला कुलूप पाहून मुलाला परत घरी न्यावे आणि त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे, ही वेळ शिक्षकांच्या संपात गरीब पालकांवर येते. जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी जानेवारी २०१९ मध्ये तमिळनाडूत आणि मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या संपांत सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही उतरले होते. संपाची घोषणा आधी झाली होती. मात्र आपल्या मुलाची शाळा भरणार की नाही, हे पालकाला कळविण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांमध्ये नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही, ही अट १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. परंतु शिक्षक हा या अधिनियमाच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरविले. पुढे २००३ मध्ये तमिळनाडूत दीड लाखाहून अधिक कर्मचारी व शिक्षक बडतर्फ झाले, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिकही अधिकार नाही, असा निर्वाळा याच न्यायालयाने दिला.

खरी अडचण येथेच आहे. ज्याला संपाचा अधिकारच नाही, त्याने आगाऊ सूचना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा लिहून देणे. त्यामुळे सूचनेची सक्ती एकतर्फी असेल, तर ती कारवाईचे हत्यार ठरेल आणि संघटना तिला विरोध करतील. तो अनाठायीही म्हणता येणार नाही. मुदतीत सूचना देणाऱ्यावर केवळ संपात सहभागी झाल्याबद्दल सेवाभंगाची कारवाई होणार नाही, अशी हमी सरकारने दिली, तरच हा व्यवहार न्याय्य होईल.

सूचना पोहोचविण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असतेच आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीला किमान सात दिवस आधी कळवावे. मधल्या काळात सरकारने वाटाघाटी कराव्यात आणि त्या फिसकटल्यास माध्यान्ह भोजन व लहान मुलांची देखरेख यांची पर्यायी सोय करावी. ज्या दिवशी भोजन मिळणार नाही, त्याचा अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद २०१५ च्या नियमांत आहेच. पण पुढच्या महिन्यात हाती येणाऱ्या भत्त्याने आजची भूक भागत नाही.

सूचनेने संप टळेलच असे नाही. मात्र शिक्षक आणि सरकार यांच्या वादात ज्याला कोणी विचारत नाही, त्या पालकाला तयारीसाठी आठवडा मिळेल. शिक्षकांच्या न्याय्य मागण्यांना समाजाची सहानुभूती हवी असेल, तर तिची सुरुवात या पालकाला विश्वासात घेण्यापासूनच व्हायला हवी.