कांद्याचा भाव आणि दिल्लीचा कागद



पावसाचा भरवसा नाही, हे आपल्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. म्हणून तर आपण विहिरी खोदल्या, बांधबंदिस्ती केली, ठिबक बसवले. पण अलीकडे दुसरी एक अनिश्चितता आपल्या बांधावर येऊन बसली आहे. ती आभाळातून येत नाही, सरकारी कागदातून येते. निवडणूक तोंडावर आली, शहरात भाव चढला, की कागद निघतो आणि घोडेगाव, वांबोरी, नेप्तीच्या लिलावात पुकारा खाली येतो. आज या विषयाचा थोडा हिशेब मांडू. राजकारण करण्यासाठी नव्हे, तर आपल्या घरचा प्रपंच नीट चालावा म्हणून.

कांद्याचीच गोष्ट घ्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरले. ८ डिसेंबरला निर्यात साफ बंद झाली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, पण तो दिवस उजाडण्यापूर्वीच ती पुढील हुकूम होईपर्यंत वाढली. मग ४ मे रोजी बंदी उठली. आपल्याकडे नगर आणि शिर्डीचे मतदान १३ मे रोजी होते. बंदी उठली तरी ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलेच. दोन्ही मिळून किलोला सुमारे ६४ रुपयांच्या खाली माल परदेशी जाणे शक्य नव्हते. म्हणजे दार उघडले, पण उंबरा छातीएवढा ठेवला! १३ सप्टेंबर २०२४ ला अट गेली व शुल्क २० टक्के झाले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. शेवटी १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण उठले. मोठेमोठे फेरबदल मोजले तरी वीस महिन्यांच्या आत सात झाले.

सरकारचेही म्हणणे ऐकले पाहिजे. २०२३ चा ऑगस्ट महिना फार कोरडा गेला होता, पीक कमी येईल ही भीती खरी होती. शहरातल्या मजुराच्या ताटात कांदा हवाच. त्या वेळी सरकारने ग्राहकांना २५ रुपये किलोने कांदा विकला आणि शेतकऱ्यांकडून क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली. शिवाय कांद्याचा धाक सर्वच पक्षांना आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचाराचा विषय झाला होता आणि १९९८ साली दिल्लीत त्याने सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. तेव्हा गादीवर कोणीही बसो, कांदा चढला की हात आखडतोच.

आता हा भुर्दंड शेवटी कोणाच्या अंगावर पडतो ते पाहू. व्यापारी लिलावात माल घेतो, निवडतो, गोण्या भरतो आणि बंदराकडे किंवा बांगलादेशाच्या सीमेकडे पाठवतो. यात दिवस जातात. माल वाटेत असताना नवा कागद निघाला तर तोटा त्याचा. हे त्याला माहीत असते, म्हणून तो खरेदी करतानाच त्या भीतीची किंमत वजा करून बोली लावतो. एखादे वर्षी कागद निघतच नाही, तरीही भीतीचे पैसे कापलेले असतात. व्यापाऱ्याने ते आपल्यावर ढकलले. आपण कोणावर ढकलणार? आपल्यामागे बांध तेवढा उरतो. लिलाव बंद पडला की हमाल, मापाडी, टेंपोवाला आणि कांदा निवडणाऱ्या बायाबापड्या यांचाही रोज बुडतो. गावातल्या किराणा दुकानदाराची उधारी थकते, खतवाला पुढच्या हंगामाला माल कमी भरतो. कागद एक, पण झळ साऱ्या गावाला.

गिऱ्हाईकही दुरावते. २०१९, २०२० आणि २०२३ अशी तीनदा आपण निर्यात बंद केली. बांगलादेश हे आपले मोठे गिऱ्हाईक. दार वारंवार लावणाऱ्या दुकानात माणूस किती दिवस जाईल? तो पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान अशी दुसरी दुकाने धुंडाळतो, स्वतःच्या देशात लागवड वाढवतो. त्यात तिकडचे राजकारण निराळेच. ५ ऑगस्ट २०२४ रोजी ढाक्यातले सरकार कोसळले, सीमेवरचा व्यापार थबकला आणि आपल्याकडचे कांद्याचे ट्रक तिथे अडकून पडले.

हे एकट्या कांद्याचे दुखणे नाही. कांदा बंद झाला त्याच्या आदल्याच दिवशी, ७ डिसेंबर २०२३ रोजी, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पण मर्यादा राहिली. ती पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे याचा अर्थ समजावून सांगायला नको. इथेनॉलचा पैसा लवकर हातात येतो. साखर गोदामात पडून राहते आणि तिच्यावर व्याज चढते. कारखान्याने कर्ज काढून आसवनी उभारावी आणि गाळप सुरू असताना नियम फिरावा, मग उसाचे बिल वेळेवर कसे निघणार?

आता भगिनींशी दोन शब्द. आपण एका हाताने विकतो तसे दुसऱ्या हाताने विकतही घेतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क लागले. सोयाबीनवाल्याला भाव मिळावा हा हेतू होता. तेलाचा डबा ऐन दिवाळीच्या तोंडावर महागला, सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकत राहिले. पुढे मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क निम्मे झाले. म्हणून घरखर्चाचा अंदाज करताना तेल-डाळीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि भाव चढल्याची आवई उठताच वर्षाचा साठा उधारीवर भरू नये.

मग आपल्या हातात काय आहे? चार गोष्टी आहेत.

पहिली : कोणता कांदा थांबतो आणि कोणता थांबत नाही हे ओळखा. खरिपाचा लाल कांदा जेमतेम महिनाभर टिकतो. डिसेंबरची बंदी त्यालाच जास्त झोंबली, कारण घरी ठेवायची सोयच नव्हती. म्हणून सगळे रान लाल कांद्याखाली घालू नका. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. त्यासाठी एन-२-४-१ सारखा टिकाऊ वाण घ्यावा. लागवडीनंतर दोन महिने झाले की नत्र देऊ नये, काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. कांदा पातीसकट शेतात सुकवून, इंचभर मान ठेवून कापावा आणि सावलीत वाळवूनच चाळीत भरावा. चाळीला खालून हवा हवी आणि ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नसावा.

दुसरी : थांबण्याचाही हिशेब असतो. समजा १०० क्विंटल कांदा आहे आणि आज भाव १,५०० रुपये आहे. म्हणजे दीड लाख रुपये. चाळीत घट आणि सड मिळून चौथाई माल गेला तर ७५ क्विंटल उरतील. तेवढेच दीड लाख मिळायला २,००० रुपये भाव हवा. चौथाई घटीला भाव तिसऱ्या हिश्श्याने चढला तरच बरोबरी, आणि चाळीचा खर्च, मजुरी, व्याज वेगळेच. 'अजून वाढेल' म्हणून बसणाऱ्याने हे गणित भिंतीवर लिहून ठेवावे.

तिसरी : माल एकाच दिवशी विकू नका. काढणीला एक हिस्सा विकून बी-खताची उधारी व मजुरी फेडा. दुसरा जुलै-ऑगस्टमध्ये, तिसरा त्यानंतर. असे केल्याने सर्वांत उंच भाव सगळ्या मालाला मिळणार नाही हे खरे. पण एका कागदाने सगळे वर्षही बुडणार नाही.

चौथी : कागदाला कागदानेच उत्तर द्या. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळला तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिले. त्यासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद आणि विक्रीची पट्टी मागितली गेली. ज्यांची नोंद नव्हती त्यांना हेलपाटे घालावे लागले. ई-पीक पाहणी वेळेत करा, बाजार समितीची प्रत्येक पट्टी तारखेवार जपा. हे काम घरातल्या शिकलेल्या मुलीकडे सोपवा, ती चोख करील.

एक मागणी मात्र सर्वांनी मिळून करायला हवी. मत मागायला येईल त्या प्रत्येकाला, पक्ष न पाहता, विचारावे : निर्यातीचे जे धोरण असेल ते लागवडीपूर्वी जाहीर करून हंगाम संपेपर्यंत पाळाल का? रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत कांद्याला पाच महिने आणि वर काही दिवस लागतात. कागद एका रात्रीत निघतो. शेतकऱ्याला आश्रित करणाऱ्या मदतीपेक्षा त्याला वेळेवर कळलेला नियम अधिक मोलाचा आहे. वाईट नियमातही माणूस वाट काढतो. रोज फिरणाऱ्या नियमात चांगला शेतकरीही जुगारी बनतो.

या वेळी रोप टाकण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वरचा हिशेब एकदा कागदावर मांडावा, एवढेच सांगणे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी