झेलमच्या दारात बसलेला फौजी

पुण्याहून संध्याकाळी सुटलेली झेलम एक्स्प्रेस जम्मू तवीला पोचते ती तिसऱ्या दिवशी. दोन रात्री आणि २,००० किलोमीटरहून जास्त अंतर. दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, सगळीकडे रजा संपलेले फौजी चढतात. बरोबर काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. तिकीट कन्फर्म असेल तर ठीक. नसेल तर पेटी संडासाच्या दाराशी आडवी टाकायची आणि तिच्यावरच बसून इटारसी, झाशी, दिल्ली, पठाणकोट गाठायचं. येणारा-जाणारा पेटीला ठेचकाळतो, दर वेळी हा मुकाट्याने पाय आत घेतो. सुट्ट्यांच्या गर्दीत मी हे अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी पोटात कालवतं.

तो सियाचिनला निघालेला असेल, तर जम्मू म्हणजे नुसती सुरुवात. ट्रान्झिट कॅम्पात नंबर लागेपर्यंत थांबायचं. पहाटे रोड ओपनिंग पार्टी सुरुंगांसाठी रस्ता तपासणार, मग कॉन्व्हॉय हलणार. ट्रकमध्ये मागे बाकावर खांद्याला खांदा लावून बसायचं. जोझिलाच्या चढावर पुढच्या गाडीची धूळ आणि डिझेलचा धूर ताडपत्रीखालून थेट नाकात. खिंड बर्फाने बंद झाली की चंदीगडहून लेहचं विमान, आणि हवा बिघडली की तेही नाही.

लडाखमध्ये मात्र मुद्दाम थांबवतात. ९,००० ते १२,००० फुटांवर ६ दिवस, १५,००० फुटांपर्यंत आणखी ४, त्याहून वर जायचं तर पुन्हा ४. पहिले दोन दिवस फक्त विश्रांती. विरळ हवेत घाई केली तर फुप्फुसात पाणी साठतं आणि धडधाकट तरुण काही तासांत जातो. १९६२ च्या युद्धात घाईघाईने उंचावर नेलेल्या जवानांनी ही किंमत मोजली. त्यामुळे या थांब्यांबद्दल कुणाची तक्रार नाही. तो डोंगराचा हक्क आहे.

संडासाच्या दारातल्या दोन रात्री कुठल्या डोंगराने मागितल्या? हे हाल आपण चालवून घेतलेत आणि वर त्यांना त्यागाचं नाव दिलंय, याचा मला राग येतो.

मनात आणलं तर बदल होतो. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यातल्या हल्ल्यात बसने श्रीनगरला निघालेले सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यांतले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे. त्यानंतर आठवडाभरातच केंद्रीय दलांच्या शिपायांनाही दिल्ली किंवा जम्मूहून श्रीनगरला विमानाने जाण्याचा हक्क मिळाला. तोवर तो खालच्या हुद्द्यांना नव्हताच. इतक्या चिता पेटल्यावर निघालेला तो आदेश आधी का निघू शकला नसता?

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, रजा रद्द झाल्या आणि गावोगावचे जवान रातोरात परत निघाले. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, हजर होण्याचा आदेश एका फोनवर येतो. फौजी कोटा आहे, पण अशा वेळी तो कुठवर पुरणार? जम्मूकडच्या गाड्यांना रजेवरून परतणाऱ्यांसाठी एक जादा शयनयान डबा जोडावा, प्रवासाचं वॉरंट आणि ओळखपत्र दाखवून ऐनवेळी बर्थ मिळावा. यात्रा-जत्रांसाठी रेल्वे जादा गाड्या सोडते, तिला एक डबा जड नाही. आपल्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा.