गॅबी कोणाची?

आर्जेन्टिना हा बहुसंख्य कॅथॉलिकांचा देश. तेथे २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकाविली व १० डिसेंबर १९८३ पर्यंत ती सोडिली नाही. त्या काळात हजारो स्त्रीपुरुषांना घरातून उचलून नेले. ते पुन्हा दिसले नाहीत. गरोदर कैद्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवीत. मग आईचा अंत करून मूल बहुधा लष्करी किंवा त्यांच्या मर्जीतल्या कुटुंबाला देत.

ह्या दुःखावर लुइस पुएन्सो ह्यांनी १९८५ साली ‘ला इस्तोरिया ओफिसियाल’ हा बोलपट काढिला. त्या भाषेत ‘इस्तोरिया’ म्हणजे गोष्ट आणि इतिहासही. कथा कल्पित आहे, दुःख मात्र खरे.

अलिसिया शाळेत इतिहास शिकविते. छापील पुस्तकाबाहेर तिचे पाऊल पडत नाही. नवरा श्रीमंत, सत्ताधाऱ्यांत ऊठबस असलेला. पाच वर्षांची गॅबी दत्तक घेतलेली. ती कोठून आली, हे अलिसियाने कधी खोलात शिरून विचारले नाही. परदेशातून परतलेली मैत्रीण स्वतःच्या छळाची हकीकत सांगते, तेव्हा तिच्या मनात शंका शिरते. ती पापनिवेदनाला जाते व मुलीविषयी सत्य विचारते. फादर उत्तर देत नाहीत. पापक्षमा तेवढी देतात.

हा प्रसंग आपणांस बोचतो, पण तो खोटा नव्हे. गप्प राहिलेले धर्मगुरू तेथे होते. पण जीव देणारेही होते. ८ डिसेंबर १९७७, म्हणजे मारियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, ब्वेनोस आयरेसच्या सांता क्रूझ चर्चमधून सिस्टर आलिस दोमों ह्यांना, बेपत्ता मुलांच्या काही मातांसह, पकडून नेले. दोन दिवसांनी सिस्टर लेओनी द्युके ह्यांनाही नेले. एकीही परतली नाही.

बोलपटात पुढे सारा नावाची वृद्धा भेटते. तिच्याजवळ बेपत्ता मुलीचे बालपणीचे छायाचित्र आहे. तो चेहरा थेट गॅबीचा! शलमोन राजापुढे दोन बाया होत्या, तेथे न्याय करणारा तरी होता. येथे मूल राज्यकर्त्यांनीच चोरलेले. म्हणून निवाडा अलिसियाला आपल्याच घरात करावा लागतो. प्रेम खरे असले तरी त्या प्रेमाने चोरी धुऊन निघते काय, हा प्रश्न तिच्या पदरी येतो. तिने काय केले, ते आम्ही येथे सांगत नाही.

खऱ्या आज्यांनी १९७७ सालीच आपली संघटना बांधिली. अशी नातवंडे सुमारे ५०० असावीत, असे त्या म्हणतात. आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखण्याची रीत शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी बसविली व १९८७ साली त्यासाठी सरकारी जनुकीय माहितीपेढी कायद्याने स्थापन झाली. १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. उरलेली पन्नाशीकडे झुकली असून, त्यांतील कित्येकांना आपले खरे नाव अद्याप ठाऊक नाही.