वाळूत चालेल, मातीत नको

मेटल डिटेक्टर आता घरबसल्या मागवता येतो. तो घेऊन जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर नाणी आणि दागिने शोधण्याचा छंद कुणाला जडला, तर नाक मुरडायचं कारण नाही. भरती-ओहोटीने रोज उलथ्यापालथ्या होणाऱ्या वाळूत थर टिकत नाहीत, त्यामुळे तिथलं नाणं उचलल्याने इतिहासाचं काही बिघडत नाही. सराफ्याची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी हेच काम पोटासाठी करत आले आहेत. फक्त अंगठी सापडली तर मालक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न हवा. तो न करता ती खिशात घालणं गुन्हा आहे. पण हेच यंत्र बोरिवलीत मागाठाण्याच्या किंवा एकसरच्या मातीवर फिरू लागलं की हिशेब बदलतो.

जुन्या नाण्याचं मोल त्याच्या चांदीपेक्षा ते कुठे आणि कशासोबत सापडलं यात असतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या जवळपास दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केल्याचा एवढा बोलका पुरावा हाती आला, तो साठा एकत्र तपासला गेला म्हणून. तीच नाणी चार-चार करून विकली गेली असती, तर हे प्रमाण कुणालाच काढता आलं नसतं. आपल्या उपनगरातलं उदाहरण कान्हेरीचं आहे. डॉ. जेम्स बर्ड यांनी १८३९ साली तिथला स्तूप उकरला. राख, माणिक, मोती आणि सोन्याचे तुकडे असलेले तांब्याचे कलश निघाले, त्रैकूटकांच्या काळातला ताम्रपटही निघाला. मूळ ताम्रपट पुढे गहाळ झाला आणि अभ्यासकांना त्याच्या नकलेवर भागवावं लागलं. विद्वानाच्या हातून हे होतं, तर हौशी माणसाच्या फावड्याचा काय भरवसा?

यावर कुणी म्हणेल, पुनर्विकासाचे जेसीबी रोज सगळंच उपसून नेतात, मग छंदवाल्यालाच का अडवायचं? आक्षेप खरा आहे, पण त्यातून पायाच्या खड्ड्यावर पुरातत्त्वाचा जाणकार हवा एवढंच सिद्ध होतं, शाबूत जमीन उकरायची मुभा नव्हे. उपसून टाकलेल्या ढिगाला मात्र वाळूचाच न्याय लावायला हरकत नाही, सापडलेल्या वस्तूची नोंद झाली म्हणजे झालं. दुसरा दाखला इंग्लंडचा दिला जातो. तिथे हा छंद चालतो, कारण १९९७ पासून सापडलेल्या वस्तू स्थानिक अधिकाऱ्याला दाखवून नोंदवायची सोय आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं; लपवलं तर वर्षापर्यंत कैद. धनी न निघाल्यास आणि जागामालकाशी वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा. म्हणजे कायदा शोधणाऱ्याला वाटेकरी मानतो, पण ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? ती ठाऊक नसलेला माणूस पोलिसांच्या भीतीने सरळ सराफाची पायरी चढतो, आणि नाणं मुशीत जातं.

आपली उपनगरं ज्यावर वसली आहेत त्या साष्टी बेटाची पुरातत्त्वीय पाहणी केलेले प्राध्यापक आणि विद्यार्थी मुंबईतच आहेत. त्यांच्या मदतीने वॉर्ड ऑफिसात महिन्यातून एक दिवस नोंदणीचं टेबल मांडायला नवा कायदा लागत नाही. ते मांडलं जाईपर्यंत छंदवाल्यांनी किनाऱ्यावरच थांबावं.