जागा आणि गाडीभाडं

बर्फ म्हटलं की मला भाऊचा धक्का आठवतो. गोदीत काम नसलं की मी तिथं जातो. पहाटे तीनला लाद्या येतात. मशिनात घालून चुरा करायचा, फावड्याने पेटीत भरायचा, वर मासळी, मासळीवर पुन्हा बर्फ. पायात पाणी, हाताला भेगा. त्यामुळे बर्फावरून माणसं हौसेनं घसरतात, घड्याळ लावून घसरतात आणि त्याला ऑलिंपिक म्हणतात, हे मोबाइलवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो. आमच्या टोळीतला म्हातारा म्हणाला, "पोट भरलेल्यांचे चाळे रे." मीही हो म्हटलं.

मग घसरणारा माणूस दिसला. काळा. आपल्यापेक्षाही काळा. हेल्मेटवर सिंहाचा उघडा जबडा आणि त्यातून निसटणारा ससा. तीस जणांत तिसावा आला आणि खाली पोचल्यावर नाचला.

त्याचं नाव अक्वासी फ्रिम्पाँग. देश घाना. साल २०१८, गाव दक्षिण कोरियातलं प्योंगचांग. खेळाचं नाव स्केलेटन, म्हणजे सांगाडा. नाव बरोबर आहे, कारण गाडी म्हणजे नुसती चौकट, ब्रेक नाही, सुकाणू नाही. बर्फाचं एक लांबलचक वळणावळणाचं गटार डोंगरावरून खाली सोडलेलं असतं. त्यात पालथं पडून, डोकं पुढं करून, हनुवटी बर्फापासून चार बोटांवर ठेवून ताशी सव्वाशे-तीसच्या वेगानं खाली यायचं. वळवायचं ते खांद्यानं आणि गुडघ्यानं. पण त्याआधी वाकून गाडी धरायची आणि जीव तोडून पळायचं, मग उडी टाकायची. ज्यानं भरलेली हातगाडी ढकललीय त्याला हे सांगायला नको. पहिला धक्का सगळ्यात जड. तिथं जे गेलं ते खाली भरून निघत नाही.

आता हा माणूस तिथवर आला कसा ते बघा. कुमासी शहरात आजीजवळ एका खोलीत, आठ-दहा नातवंडांच्या गर्दीत वाढला. आठव्या वर्षी आईकडे नेदरलंडला गेला, कागदांशिवाय. दहाहून जास्त वर्षं तो तिथं सरकारच्या लेखी नव्हताच. पळायला लागला तर दोनशे मीटरला त्या देशाचा ज्युनिअर चॅम्पियन झाला, पण परदेशातल्या शर्यतीला जायचं म्हटलं तर पासपोर्ट कुठाय? कागद मिळाले तेव्हा पाय दुखावला. २०१२ चं लंडन हुकलं. मग डच बॉबस्लेड संघाच्या दारात उभा राहिला, २०१४ च्या सोचीला तिथूनही बाहेर. त्यानंतर अमेरिकेत युटा राज्यात दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकत फिरला. दार उघडलं तर उघडलं, नाही तर पुढचं दार. त्याच पैशात आणि लोकांकडून गोळा केलेल्या वर्गणीत तो घानासाठी स्केलेटनला उतरला.

खर्च कशाचा? गाडी हजारो डॉलरची. तिच्या खालच्या पोलादी पट्ट्या वेगळ्या. कोचचे पैसे, विमानभाडं, गाडीचं भाडं वेगळं. आणि ट्रॅकवरून जितक्या वेळा खाली यायचं तितक्या वेळा पैसे मोजायचे. हे नीट लक्षात घ्या. या खेळातलं कसब म्हणजे किती वेळा खाली आलात ते. कुठलं वळण कधी अंगावर येतं हे पाठीला, खांद्याला ठाऊक व्हावं लागतं, आणि ते ठाऊक होतं ते शेकड्यांनी, हजारांनी उतरल्यावर. म्हणजे कसब मोजून विकत घ्यावं लागतं. गरिबाचं कसब लवकर संपतं, कारण पैसे लवकर संपतात.

२०१८ ला त्याला जागा मिळाली ती एका नियमामुळे. प्रत्येक खंडातून कुणीतरी असावं, असा तो नियम होता. आफ्रिकेची जागा. पेपरात मोठमोठे फोटो आले. बघा, आफ्रिकेचा माणूस बर्फावर! सगळ्यांना गहिवर आला. तो शेवटचा आला म्हणून तर जास्तच आला. शेवटचा आलेला काळा माणूस कुणाला आवडत नाही?

मग २०२२ चं बीजिंग. पुरुषांच्या तीस जागा होत्या त्या पंचवीस झाल्या, बायकांच्या वीसच्या पंचवीस. बायकांच्या जागा वाढल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही, वाढायलाच पाहिजेत. पण त्याच वेळी खंडाची जागा काढून टाकली. आता यादीत वर असेल तोच येणार. फ्रिम्पाँग तरीही वर्षभर धडपडला, आणि ऐन शेवटच्या शर्यतींच्या तोंडावर त्याला करोना झाला. त्यानं दाद मागितली. मिळाली नाही. २०१८ ला हिवाळी ऑलिंपिकला आफ्रिकेतले आठ देश होते, २०२२ ला पाच उरले, माणसं सगळी मिळून सहा. आणि घसरायच्या तिन्ही खेळांत, बॉबस्लेड, लूज, स्केलेटन, अख्ख्या आफ्रिकेचं एक माणूस नाही.

का? तर गुणवत्ता!

दोस्तहो, हा शब्द ऐकलाय ना कुठंतरी? मग त्या गुणवत्तेचा हिशेब मांडू. बीजिंगला या तीन खेळांत दहा सुवर्णपदकं होती. त्यातली नऊ एकट्या जर्मनीनं नेली. दहातली नऊ! जर्मनांच्या रक्तात बर्फ आहे काय? नाही. जर्मनीच्या जमिनीवर असे चार ट्रॅक होते, विंटरबर्ग, ओबरहोफ, आल्टेनबर्ग, क्योनिग्सझे. यातला शेवटचा २०२१ च्या पुरात मोडला. बर्लिनमध्ये सरकारच्या पैशावर चालणारी एक संस्था आहे, तिचं कामच खेळाडूंसाठी गाड्या घडवणं. तिथले कितीतरी खेळाडू लष्कराच्या नाहीतर पोलिसांच्या पगारपत्रकावर असतात. महिन्याला पगार आणि काम घसरायचं. मी हे वाईट म्हणत नाही. असंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की त्याला मग गुणवत्ता म्हणू नका, तरतूद म्हणा. आफ्रिकेत असा एकही ट्रॅक नाही. २०२६ च्या ऑलिंपिकसाठी इटलीनं कोर्तिनाला नवा बांधला, जवळपास बारा कोटी युरो खर्चून, झाडं तोडून, आणि तेही शेजारच्या देशांतले तयार ट्रॅक वापरा असं ऑलिंपिकवाले स्वतः सांगत असताना. ट्रॅकला बारा कोटी निघतात. एका खंडाला एक जागा निघत नाही.

मला माझं आठवलं. दहावी झालो तेव्हा अकरावीला नंबर लागला. राखीव जागेवर. रांगेत मागं उभा असलेला एक बाप आपल्या पोराला म्हणाला, "यांचं बरं असतं, यांना कोटा आहे." पोरगं माझ्याकडे असं बघत होतं की मी त्याच्या खिशातून काहीतरी काढून घेतलंय. मी कॉलेजला सतरा दिवस गेलो. पास, वह्या, प्रयोगाची फी, आणि घरी बापाचा खांदा निखळलेला. अठराव्या दिवशी गोदीत. ती जागा अजून कुणाच्या तरी हिशेबात माझ्या नावावर खर्ची पडलेली असेल. जागा होती, गाडीभाडं नव्हतं. फ्रिम्पाँगचं पहिल्या खेपेला तेच, जागा आली पण पैशासाठी दारोदार. दुसऱ्या खेपेला कसंतरी गाडीभाडं जमवलं तर जागाच नाही. दोन्ही एका वेळी आपल्या हातात पडू द्यायची नाहीत, अशी ही व्यवस्था आहे.

आणि आत घेतात तेव्हा कुठल्या कामाला घेतात तेही बघा. बॉबस्लेडमध्ये पुढं बसतो तो चालवणारा, मागचे ढकलणारे. चांगला ढकलणारा पाहिजे म्हणून अमेरिकेनं काळे धावपटू शोधले. विली डेव्हनपोर्ट, १९६८ चा अडथळ्यांच्या शर्यतीचा सुवर्णपदकवाला, १९८० ला लेक प्लॅसिडला बॉबस्लेड ढकलायला. व्होनेटा फ्लॉवर्स, २००२ ला सॉल्ट लेक सिटीत सुवर्ण, हिवाळी ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकणारी पहिली काळी व्यक्ती. तीही ढकलणारी, सुकाणू गोऱ्या बाईच्या हातात. मी त्या बाईची लायकी काढत नाही. पण ढकलायला कोण आणि चालवायला कोण ही वाटणी गोदीतल्या माणसाला लगेच ओळखू येते.

म्हणून मला शेउन अडिगुन जास्त आवडते. नायजेरियाची धावपटू, अमेरिकेत वाढलेली. अमेरिकेच्या संघात तीही ढकलणारीच होती. मग तिनं ठरवलं, नायजेरियाची गाडी काढायची आणि पुढं आपण बसायचं. गाडी कुठाय? दुकानातून लाकूड आणलं आणि ह्यूस्टनमध्ये हातानं ठोकून गाडी बनवली. बर्फ नाही, म्हणून जमिनीवर ढकलायचा सराव. लोकांपुढं पंच्याहत्तर हजार डॉलरची मागणी ठेवली, वर्षभराच्या आसपास ते जमले. २०१८ ला तिघी प्योंगचांगला गेल्या, आफ्रिकेचा ऑलिंपिकमधला पहिला बॉबस्लेड संघ. शेवटच्या आल्या. पण सुकाणू तिच्या हातात होतं. नंतर २०२० च्या टाळेबंदीत जमैकाच्या दोघांनी इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या रस्त्यावर चक्क एक मोटारगाडी ढकलत सराव केला. लोकांनी कौतुकानं व्हिडिओ बघितले. मीही बघितला. मला कौतुक वाटलं नाही, मला पाठ दुखायला लागली.

जमैकाचं निघालंच तर तो सिनेमा. 'कूल रनिंग्ज', १९९३. बर्फ न पाहिलेले काळे लोक बर्फावर जातात, पडतात, सगळे हसतात, शेवटी रडतात. खरा संघ १९८८ ला कॅलगरीला गेला होता, त्यात सैन्यातले लोक होते, पैशासाठी टी-शर्ट विकले, तिसऱ्या फेरीत गाडी उलटली आणि ते तिच्या बाजूनं चालत खाली आले. सिनेमा आला तो या उलटण्यावर. १९९४ ला लिलेहामरला जमैकाची चौघांची गाडी चौदावी आली, अमेरिका, रशिया, फ्रान्स यांच्या पुढं. त्यावर सिनेमा नाही. आपण उलटलो की लोक तिकीट काढतात.

आपल्याकडचं काय? मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिव केशवन १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिकला लूज घेऊन गेला. लूज म्हणजे उताणं पडून घसरायचं. या देशात ट्रॅक नाही म्हणून गाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यावरून खाली यायचा, समोर ट्रक, मेंढ्यांचे कळप. २०१० ला सर्वोच्च न्यायालयातल्या वकिलांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली. २०१४ ला सोचीत तर त्याला आपला झेंडाही मिळाला नाही. खटले चालू असलेल्यांना पदाधिकारी केलं म्हणून भारताची ऑलिंपिक संघटना निलंबित होती, हा ऑलिंपिकच्या झेंड्याखाली घसरला. अर्जुन पुरस्कार दिला २०२० साली, खेळणं थांबवल्यावर. त्याचं घर आपल्या वस्तीत नव्हतं, चांगल्या शाळेत शिकलेला माणूस तो. त्याची ही गत, तर धारावीतल्या पोरीनं उद्या घसरायचं म्हटलं तर?

मला ठाऊक आहे, बैठकीत कुणीतरी उठेल. म्हणेल, वस्तीला नळ नाही, पोरांना नोकरी नाही, आणि हा घसरगुंडीवर लेख लिहितोय! लिहिणार. १९२७ ला महाडला आपली माणसं तळ्यावर गेली ती तहान लागली म्हणून गेली नव्हती. ते पाणी न पिताही ती तोवर जगलीच होती, बाबासाहेबांनी तिथं हेच सांगितलं. आपल्याला काय लागतं आणि काय लागत नाही हे दुसऱ्यानं ठरवायचं नाही, भांडण ते आहे. पोटापुरतं मागा, खेळायला मागू नका, असं मला आता आपल्याच माणसाकडून ऐकायचं नाही. आणि वर्गणीबद्दल म्हणाल, तर वर्गणी आपल्याला नवी नाही. जयंती वर्गणीवर, मोर्चा वर्गणीवर, हे मासिक वर्गणीवर. वर्गणीची मला लाज नाही. पण जर्मनाला पगार आणि घानाच्या माणसाला वर्गणी, आणि वर त्या वर्गणीचंच कौतुक, हे मला चालत नाही.

परवा पाळी सुटताना म्हाताऱ्याला तो व्हिडिओ पुन्हा दाखवला. या खेपेला त्यानं चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला आणि शेवटपर्यंत बघितलं.

"याला ब्रेक नाय?"

"नाय."

"मग थांबतो कसा?"

मी सांगितलं, खाली गेल्यावर ट्रॅक चढाला लागतो, चढावर वेग मरतो, मग पाय घासतात.

"म्हंजे चढ पण बांधूनच ठेवलाय," म्हातारा म्हणाला, आणि मोबाइल परत दिला.