पुसलेलें आणि उरलेलें

पूर्वीं पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा पलंगाखालीं एक पत्र्याची ट्रंक असे. घराचें खरेदीखत, वडिलांचीं पत्रें, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नांतील छायाचित्रें, असें जें जें जपून ठेवण्यासारखें तें तें तींत जाई, व तिची किल्ली घरांतील वडील माणसापाशीं असे. आज तीच ट्रंक संगणकाच्या पोटांत, तळहाताएवढ्या पेटींत, जाऊन बसली आहे; तिला आपण हार्ड डिस्क म्हणतों. जुनी ट्रंक रिकामी करावयास अर्धा दिवस लागे, आणि तें करतांना प्रत्येक वस्तु हातांतून जाई. ही नवी ट्रंक रिकामी करण्यास एक बटण दाबणें पुरतें, आणि तें दाबणारा हात पुष्कळदां घरांतील सर्वांत लहान हात असतो. या क्रियेस फॉरमॅट करणें असें म्हणतात. ती घडल्यावर आंतील मजकूर परत मिळतो कीं नाहीं, हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर यंत्रावर जितकें अवलंबून आहे, तितकेंच तें घरांतील माणसांच्या वागणुकीवर अवलंबून आहे, असें आमचें मत आहे; आणि तें कां, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम फॉरमॅट म्हणजे काय, तें नीट समजून घेतलें पाहिजे. हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात, व त्या बहुधा मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. त्यांच्या पृष्ठभागापासून, केसाच्या जाडीहूनहि कितीतरी कमी अंतरावर, एक सूक्ष्म टोंक तरंगत राहतें, आणि लेपावरील चुंबकत्वाच्या दिशा वाचतें किंवा बदलतें. आपलीं सर्व अक्षरें, चित्रें व गाणीं तेथें या दिशांच्या रूपानेंच वसत असतात. अशी पहिली डिस्क आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणली. तींत ५० मोठ्या तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवजड यंत्रांत सुमारें ५० लाख अक्षरेंच मावत. आज तळहातावर राहणाऱ्या डिस्कमध्यें लाखों छायाचित्रें मावतात.

एवढ्या पसाऱ्यांतून हवी ती वस्तु सांपडावी, म्हणून डिस्कवर एक दप्तर ठेवलेलें असतें. अमुक नांवाचा मजकूर अमुक जागीं आहे, अशा नोंदी त्यांत असतात. तलाठ्याचें दप्तर व शिवारांतील जमीन यांचा जो संबंध, तोच या दप्तराचा व डिस्कवरील मजकुराचा समजावा. तलाठ्याच्या दप्तरांतून एखाद्या शेताची नोंद फाडली, म्हणून तें शेत नाहींसें होत नाहीं. एखादी फाईल पुसली असतां तिची नोंद रद्द होते, एवढेंच. त्वरित फॉरमॅट केलें असतां सबंध जुनें दप्तर बाजूस सारून तेथें कोरें दप्तर मांडलें जातें, व सारें शिवार पडीक आहे असें त्यांत धरलें जातें. पिकें मात्र उभींच असतात. संकट येतें तें यानंतर. शिवार पडीक आहे असें समजून संगणक त्यावर नवा मजकूर पेरूं लागतो, आणि जो वाफा नांगराखालीं आला, त्यांतील जुनें पीक कायमचें जातें.

यावरून एक गोष्ट उघड होईल. तबकड्यांच्या डिस्कचें त्वरित फॉरमॅट झालें, पण तिच्यावर नवें कांहीं लिहिलें गेलें नाहीं, तर आंतील बहुतेक मजकूर परत मिळण्यास चांगली संधि असते. टेस्टडिस्क व फोटोरेक यांसारखे मोफत मिळणारे प्रोग्रॅम हेंच काम करतात. त्यांपैकीं फोटोरेक दप्तराकडे पाहतच नाहीं. तो सारें शिवार पालथें घालतो, व प्रत्येक जातीचें पीक त्याच्या खुणेवरून ओळखतो. जेपीईजी जातीचें प्रत्येक छायाचित्र ठराविक चिन्हांनीं सुरू होतें. तीं चिन्हें दिसलीं कीं येथें चित्र आहे, असें तो जाणतो. मात्र अशा रीतीनें मिळालेल्या फायलींचीं मूळ नांवें बहुधा गेलेलीं असतात, आणि एकच मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनीं निरनिराळ्या जागीं लिहिलेली असली, तर ती जुळविणें फार कठीण जातें.

तबकडीवर लिहिलेलें किती चिवट असतें, याचें एक हृदयद्रावक उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अमेरिकन अंतराळयान पृथ्वीवर परततांना आकाशांतच भंगलें, आणि कल्पना चावला यांसह सातहि अंतराळवीर मृत्यु पावले. जमिनीवर पडलेल्या अवशेषांत पुढें एक जळालेली हार्ड डिस्क सांपडली. तिच्या तबकड्या बचावल्या होत्या, व मजकूर तिच्यावर इतस्ततः विखुरलेला नव्हता. म्हणून तज्ज्ञांनीं तींतून एका शास्त्रीय प्रयोगाची सुमारें ९९ टक्के माहिती बाहेर काढली, आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. आकाशांतून कोसळूनहि जें गेलें नाहीं, तें घरच्या डिस्कवर एक नवा चित्रपट उतरविल्यानें जाऊं शकतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

परंतु प्रत्येक प्रसंगीं आशेस जागा असतेच, असें नाहीं. फॉरमॅटचा पूर्ण असा दुसरा प्रकार आहे. विंडोज एक्सपीमध्यें तो केला असतां केवळ सदोष जागा शोधल्या जात. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा सर्वांच्या हातीं आली, तेव्हांपासून मात्र पूर्ण फॉरमॅट करतांना सर्व जागांवर शून्यें लिहिलीं जातात. तें शेवटास गेलें, म्हणजे शिवार सबंध नांगरलें गेलें. तसेंच, तबकड्या नसलेली सॉलिड स्टेट डिस्क आतां बहुतेक नव्या लॅपटॉपमध्यें असते. हिला संगणक फॉरमॅटच्या वेळींच ट्रिम नांवाची आज्ञा देतो, व कोणत्या जागांतील मजकूर नको आहे तें कळवितो. मग डिस्क आपल्या सवडीनें त्या जागा स्वतःच साफ करते. विंडोज ७ मध्यें, म्हणजे २००९ पासून, ही सोय आहे. अशा डिस्कवरील मजकूर परत मिळण्याची आशा फार थोडी. आजकालचे मोबाइल फोन तर आपला मजकूर सांकेतिक लिपींतच ठेवतात. फोन कारखान्यांतून आल्यासारखा कोरा केला, म्हणजे त्या लिपीची किल्लीच नष्ट होते, आणि उरलेलीं अक्षरें कोणासहि लागत नाहींत.

या अज्ञानाची दुसरी बाजूहि तितकीच गंभीर आहे. जें राहावें असें वाटतें तें जसें जातें, तसेंच जें जावें असें वाटतें तें राहतें. अमेरिकेंतील गारफिंकेल व शेलट या दोन संशोधकांनीं जुन्या बाजारांतून १५८ डिस्का विकत घेतल्या, आणि आपलें निरीक्षण २००३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं १२९ चालू होत्या, व त्यांतील अवघ्या १२ नीट साफ केलेल्या आढळल्या. इतरांवर लोकांचीं खाजगी पत्रें, दवाखान्यांतील माहिती व हजारों क्रेडिट कार्डांचे आंकडे मिळाले. जुना संगणक विकणाऱ्या किंवा दान देणाऱ्या पालकांनीं हें वाचून सावध व्हावें. तबकड्यांच्या डिस्कवर सर्वत्र एकदां नवें लिहिलें गेलें, म्हणजे एरव्हीं तेवढें पुरतें. नुसत्या त्वरित फॉरमॅटवर कोणीं विसंबूं नये.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. एखादा मुलगा चुकून भलतीच डिस्क निवडतो व तिचें त्वरित फॉरमॅट करतो. यावरील सर्व मजकूर जाईल, अशी सूचना यंत्रानें दिलेली असते. पण ती न वाचतांच तो होकार देतो. वर सांगितल्याप्रमाणें, तबकड्यांची डिस्क असेल तर त्या क्षणीं जवळजवळ सर्व पीक जागच्या जागीं उभें असतें. पुढें काय होईल, तें त्या मुलास आपल्या घराविषयीं काय वाटतें यावर ठरतें. वडिलांच्या हातचा मार किंवा आईचें टोंचून बोलणें त्याच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, तर तो गप्प राहील. डिस्क रिकामी दिसूं नये, म्हणून मित्रांकडून गाणीं व चित्रपट आणून तींत भरील. किंवा मजकूर परत आणण्याचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर उतरवून घेईल. आठवड्यानें गोष्ट उघडकीस येईल, तेव्हां शिवार नांगरून झालेलें असेल. आजीचें छायाचित्र मग कोणत्याहि तज्ज्ञास परत आणतां येणार नाहीं. आणि तें भीतीपायीं गेलें, असेंच म्हणावें लागेल.

उलट, ज्या घरांत "बाबा, माझ्या हातून असें झालें" हें वाक्य पहिल्या तासांतच बोलतां येतें, त्या घरांत करावयाचें काम थोडें व सोपें असतें. त्या डिस्कवर कांहीं लिहूं नये. संगणक तिच्यावरच चालत असेल, तर तो तत्काळ बंद करावा. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी, तिची अक्षरशः संपूर्ण प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, आणि शोध घ्यावयाचा तो त्या प्रतींत घ्यावा. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल, तर ती पुन्हां पुन्हां चालू करून न पाहतां जाणत्या माणसाकडे न्यावी.

शिक्षेचें भय नसेल तर मुलें बेफिकीर होतील, असा आक्षेप कांहीं पालक घेतील, व तो अगदींच निराधार नाहीं. परंतु शिक्षा कशाची करावयाची, याचा विवेक हवा. चूक ही हातून होते. लपविणें हें मनांत योजावें लागतें. दोहोंस सारखीच शिक्षा असली, तर शहाणें मूल लपविण्याचाच मार्ग धरील, कारण त्यांत सुटण्याची थोडी तरी आशा असते. ज्या मुलानें चूक सांगितली, त्याला परत मिळालेल्या नांवरहित फायली उघडून पाहण्यास, त्यांना नांवें देण्यास व वर्षवार लावण्यास बसवावें. दहा हजार चित्रें लावतांना जो धडा मिळेल, तो छडीनें मिळणार नाहीं.

चूक मोठ्यांच्याहि हातून होते. अमेरिकेंतील अलास्का राज्याचें सरकार तेलाच्या उत्पन्नांतून उभारलेल्या निधींतून तेथील रहिवाशांस दरसाल कांहीं रक्कम वांटतें. जुलै २००६ मध्यें तेथील महसूल खात्यांतील एका तंत्रज्ञानें या वांटपाच्या माहितीची डिस्क फॉरमॅट केली, आणि चुकून तिची राखीव प्रत असलेली डिस्कहि फॉरमॅट केली. तिसरा आधार चुंबकीय फितींचा होता. त्या लावून पाहिल्या, तों त्या वाचतांच येईनात. सुमारें ८ लाख कागदांच्या प्रतिमा गेल्या. शेवटीं ३०० खोक्यांत भरून ठेवलेले मूळ कागद बाहेर काढून ते पुन्हां यंत्रांत घालावे लागले, व त्या कामीं दोन लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. तरी या प्रकरणीं कोणावरहि दोष ठेवला गेला नाहीं, असें खात्याच्या तत्कालीन प्रमुखांनीं मागाहून सांगितलें. सर्वांनीं मिळून खोकीं उघडलीं, म्हणून लोकांस पैसे मिळाले.

या प्रसंगाची दुसरी शिकवण प्रतींविषयीं आहे. अलास्कांत प्रती होत्या. पण एक मूळ डिस्केच्या इतकी निकट होती कीं त्याच हातानें तीहि पुसली गेली, आणि दुसरी उघडून पाहण्याचें कोणास सुचलें नव्हतें. म्हणून महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी घराबाहेर, नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणींत, असावी. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशीं तळमजल्यावरील कपाटांत शेजारीं शेजारीं ठेवलेल्या दोन डिस्का एकदमच बुडतात. इंटरनेटवरील साठवणीलाहि मर्यादा आहे. घरच्या फोल्डरशीं ती सतत जुळवून घेत असेल, तर घरीं पुसलेलें तेथूनहि पुसलें जातें, आणि तेथील टोपलींतून तें परत घेण्याची मुदत ठराविक दिवसांचीच असते. प्रत घेतल्यावर महिन्यांतून एकदां तींतील चार फायली उघडून पाहाव्या. न उघडलेल्या प्रतीचा भरंवसा धरणें व्यर्थ आहे.

हें काम घरांतील मुलामुलींकडे सोंपवावें, अशी आमची पालकांस सूचना आहे. महिन्याचा पहिला रविवार त्यासाठीं ठरवावा, प्रत घेतल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी, आणि आईवडिलांनीं ती पाहावी. आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, यंत्र जेव्हां विचारतें, "हें सर्व पुसावयाचें ना?" तेव्हां डिस्कचें नांव व तिचा आकार दोनदां वाचून मगच उत्तर द्यावें. इतकें करूनहि चूक झालीच, तर हात यंत्रावरून उचलावा, आणि दुसरें कांहींहि करण्यापूर्वीं घरांतील वडील माणसास हांक मारावी.